करंगळीचा फरक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीतल्या 26 वर्षांच्या एका मुलाची उजव्या हाताची तीन बोटं चार महिन्यांपूर्वी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. परवा त्याची आई मेडिकल बोर्डाचा कागद घेऊन घरी आली. कागदावर अपंगत्व 30 टक्के लिहिलं होतं. तिने विचारलं, "भाऊ, तुमचे 50 धरले होते ना? मग याचे कमी कसे?"

माझ्याकडे ती आली याचं कारण उघड आहे. 2008 साली अशाच एका प्रेसवर माझ्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. फक्त अंगठा उरला. हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं मशीनला होती, पण नग वाढावेत म्हणून एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. डबल स्ट्रोक पडला, म्हणजे प्रेस एकदा आपटून लगेच पुन्हा खाली आली. त्या वेळी मी 33 वर्षांचा होतो.

तिला मी हिशेब समजावला. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या (2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत तो छापलेलाच होता. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के घटली असं धरतात, तीन गेली तर 30 आणि चार गेली तर 50. त्यावर दरमहाचा लाभ ठरतो आणि तो जन्मभर मिळतो. त्याचा आधार किती मोठा असतो हे मी स्वतः अनुभवलंय, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. कामावर अपंगत्व आलेल्या कामगाराला दुसरं काम शिकता यावं म्हणून याच विमा योजनेत व्यवसाय पुनर्वसनाची तरतूद आहे. प्रशिक्षणाची फी किंवा दिवसाला 123 रुपये, यातलं जे जास्त असेल ते मिळतं. मात्र अपंगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी नको आणि वय 45 पेक्षा जास्त नको. म्हणजे मी त्यात बसत होतो आणि हा पोरगा बसत नाही. एक करंगळी वाचली, म्हणून त्याची शिकण्याची मदत हुकली.

त्या करंगळीने काय होतं ते मी पाहिलं. त्याच्या हातात मी एम 12 चा, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा बोल्ट दिला. अंगठा आणि करंगळी यांच्यात त्याने तो धरला, पण नट लावायला गेला की बोल्टच गरकन फिरायचा. तिसऱ्यांदा तो खाली पडला तेव्हा पोराने हात पाठीमागे लपवला. ज्याने कागदावर 30 लिहिलं त्याने नियमाप्रमाणेच लिहिलं, पण हा बोल्ट त्याच्यासमोर पडलेला नाही.

उपचार चालू असेपर्यंत मालकाला कामगार काढता येत नसे, विमा कायद्याच्या कलम 73 ने तेवढं संरक्षण दिलं होतं. खरी परीक्षा असते ती फिटनेस सर्टिफिकेट घेऊन गेटवर उभं राहायच्या दिवशी. मला त्या दिवशी "तुझ्याजोगं काम नाही" एवढंच सांगितलं गेलं. हा पोरगा तर ठेकेदाराकडचा. त्याला कुणी काढलंसुद्धा नाही, पुढच्या महिन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं इतकंच.

तेव्हा मला मेणबत्त्या बनवण्याचा कोर्स सुचवला होता. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि मेणबत्त्या करून घर चालवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण माझ्यापाशी प्रेसशॉपची 11 वर्षं होती. स्ट्रोकच्या आवाजावरून पंच, म्हणजे पत्रा कापणारा वरचा भाग, बोथट झालाय हे मला कळायचं. जॉबच्या, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या, एकाच कडेला बर (खरखरीत धार) आला की डाय, म्हणजे खालचा साचा, कुठे सरकली ते मी न मोजता सांगायचो. बोटं गेली म्हणून हे ज्ञान गेलं नव्हतं, पण ते कुणी विचारलंच नाही.

मला उभं केलं ते टूलरूममधल्या एका वयस्कर फिटरने. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. भंगारातली एक प्लेट घेऊन त्यांनी त्यावर जॉब अचूक बसेल असा खाचा केला आणि बाजूला टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडी दाबली की जॉब घट्ट धरणारी पकड, लावला. त्याची दांडी त्यांनी वाढवून वाकवली, म्हणजे मला ती उजव्या तळहाताने ढकलता यावी. जॉब ठेवायचा, तळहाताने दांडी दाबायची, डाव्या हाताने गो-नोगो गेज (माप बरोबर आहे की नाही ते सांगणारा) घालायचा. मामांनी दोन रविवार यात घालवले. जॉब धरणाऱ्या त्या फिक्स्चरवर सातपूरच्या एका छोट्या युनिटमध्ये मला तपासणीचं काम मिळालं आणि तेच मी आजही करतो.

माझ्या मते पुनर्वसन म्हणतात ते हेच. माणसाला त्याच्या धंद्यातून उपटून कागदी पिशव्यांकडे न्यायचं नाही. त्याच धंद्यात त्याच्या उरलेल्या हाताला साजेल अशी जागा करायची. सरकारी नोकराला हा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा घटवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं आणि तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. खासगी कारखान्याला हे कलम लागूच नाही. तिथे कलम 35 आहे. किमान 5 टक्के दिव्यांग कामावर असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, तेही आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, असं ते म्हणतं. त्यातही पुन्हा 40 टक्क्यांची अट. जिथे बोटं तुटतात नेमकं तिथेच संरक्षण नाही, हे मला पटत नाही आणि कुठल्याच कामगाराला पटणार नाही.

सरकारी भरतीतल्या 4 टक्के आरक्षणावर पुष्कळ लिहिलं जातं आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. पण सातपूर, अंबड, सिन्नरच्या पोरांसाठी मला वेगळं मागायचंय. कामावरच्या अपघातात 40 टक्क्यांची अट काढा. बोर्डाचा कागद निघताना आयटीआयचा एखादा निदेशक शेजारी बसवा. हा माणूस काय करत होता आणि आता काय करू शकेल, ते त्याने लिहून द्यावं. कलम 20 चं संरक्षण कारखान्यांना लावा आणि त्यात ठेक्यावरचे कामगारही घ्या. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने तर दिव्यांगांना योग्य पदांची यादीही त्यात द्यायची असते. इतक्या वर्षांत कुठल्याही गेटवर अशी यादी माझ्या पाहण्यात आलेली नाही. कामगार खाते आणि उद्योजकांच्या संघटनांनी एवढं तरी या वर्षी करून घ्यावं.

मामा आता नाहीत. त्यांचं फिक्स्चर मी घरी आणलंय. पोराची करंगळी अडकावी म्हणून दांडीला एक कडी वेल्ड करून घेतली आहे आणि रोज संध्याकाळी तो माझ्याकडे गेज घालायला शिकतो. आठवड्यापूर्वी तासाला 40 नग होत होते, काल 70 झाले. एखाद्या कारखानदाराकडे तपासणीची जागा असेल तर माझा पत्ता संपादकांकडे आहे. फिक्स्चर घेऊन आम्ही दोघं येऊ.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर, आता तपासनीस
त्रिमूर्ती चौक, सिडको, नाशिक