अनुदान देताना लेखिकेचंही नाव विचारा : मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मराठी भाषा मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या दिवंगत पतींच्या दहाव्या स्मृतिदिनाचा समारंभ झाला. आयोजकांनी घरी येऊन शब्द दिला होता, की त्यांच्या निवडक साहित्याबरोबर माझा कथासंग्रहही पुन्हा छापू. प्रत्यक्षात त्यांचे खंड प्रकाशित झाले आणि माझ्या हाती शाल-श्रीफळ आलं. 'सरांना आयुष्यभर समर्थ साथ देणाऱ्या वहिनी,' एवढीच माझी ओळख करून दिली गेली. माझ्या एकाही पुस्तकाचं नाव व्यासपीठावरून कुणी घेतलं नाही. संग्रहाचं विचारलं, तर म्हणे निधी संपला.

महोदय, मी लेखिका आहे. पतींच्या मुद्रणप्रती मी केल्या, प्रुफं मी तपासली, त्यांच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांचं मी पाहिलं आणि सगळं उरकल्यावर रात्री स्वतःचं लिहिलं. कथा चांगली उतरली की लोक म्हणत, 'सरांनी हात फिरवला असणार.' फसली की, 'सरांच्या घरात राहून असं?' एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा स्वीकारली, ती सरांचीही कथा मिळेल या अटीवर. सरांना तेव्हा लिहायला जमलं नाही, म्हणून माझीही परत आली. पतींनी मला लिहिण्यापासून कधी अडवलं नाही. पण 'ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिते' हे वाक्य ते घरातच बोलत. चारचौघांत एकदा जरी म्हणाले असते, तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. हे सल मी कुणापाशी बोलायचे?

आणि ही माझ्या एकटीची रड नाही. कवी रेव्हरंड टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनानं अपुरं राहिलं. त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. किती जणांना हे ठाऊक आहे? कुसुमावती देशपांडे यांच्यासारख्या समीक्षक १९६१ साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पहिल्या महिला अध्यक्ष. संमेलनं तर १८७८ पासून भरत होती! त्यांचे पती कवी अनिल त्याआधीच, १९५८ साली, अध्यक्ष होऊन गेले होते. २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत ९८ संमेलनं झाली आणि स्त्री अध्यक्ष फक्त ६. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मलाही आनंद झाला. पण ज्या भाषेत निम्म्या लिहित्या हातांना 'साथ' म्हणून बाजूला बसवतात, तिचा गौरव मी कोणत्या तोंडानं करू? समित्यांवर तेच, पुरस्कारांच्या निवडीत तेच, अभ्यासक्रमात तेच. बाईनं लिहावं, पण नवऱ्याच्या उजेडात दिसेल एवढंच.

माझं मागणं मोठं नाही. साहित्यिकाच्या स्मारकाला किंवा समग्र साहित्याला सार्वजनिक पैसा देताना, त्याची पत्नी लेखिका असेल तर तिच्या पुस्तकांची स्वतंत्र नोंद आणि पुनर्मुद्रण बंधनकारक करा. जुन्या लेखिकांची दुर्मीळ पुस्तकं साहित्य संस्कृती मंडळामार्फत पुन्हा काढा. त्यांची हस्तलिखितं रद्दीत जाण्याआधी ताब्यात घ्या. माझीही माळ्यावर आहेत, आणि माझं वय आता वाट पाहण्याचं राहिलेलं नाही.

अनुदानांची पुढची यादी निघण्यापूर्वी ही अट घाला. आश्वासन नको, शासन निर्णय हवा.

आपली,
एक मराठी लेखिका