तान्ह्या पोळ्याचा तो फोन

आदरणीय सरकारी वकील मॅडम,

लेकीच्या हुंडाबळीच्या खटल्याच्या निकालादिवशी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात आभार मानायला वळलो, तोवर तुम्ही पुढच्या केसची फाइल उघडली होती. म्हणून हे पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

पहिल्या भेटीत मी तुमच्याशी खोटं बोललो. "पैसे दिले होते का?" तुम्ही विचारलंत, मी "नाही" म्हटलं. लग्नात दोन लाख दिले होते, पुढे जावयाच्या दुकानासाठी आणखी. हुंडा देणंही १९६१ च्या कायद्यात गुन्हा आहे, एवढं ठाऊक होतं. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती, माझ्याच हातानं दिले होते ना. तुम्ही रागावला नाहीत. त्याच कायद्याचं कलम ७ उघडून दाखवलंत : गुन्ह्याची झळ ज्याला बसली, त्याच्याच जबाबावरून त्याच्यावर या कायद्याखाली खटला चालत नाही. मग म्हणालात, "काका, गेलेल्या पोरीचे शब्द पुरावा कायद्याच्या कलम ३२ खाली पुराव्यात येतात. पण ते सांगणार कोण?" दुसऱ्या दिवशी मी पासबुक आणून दिलं.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत मृत्यू, तोही अनैसर्गिक, हुंड्यासाठी छळ आणि तो मृत्यूच्या थोडाच आधी. एवढं सिद्ध झालं की पुरावा कायद्याच्याच कलम ११३-ब प्रमाणे कोर्टाला हुंडाबळी गृहीत धरावंच लागतं, हे तुम्ही मला चार वेळा समजावलंत. आमचं अडलं 'थोडाच आधी' या शब्दांवर. शेवटचे पैसे आठ महिन्यांपूर्वी गेले होते.

"तारखा सोडा, सण आठवा," म्हणालात. आणि मला तान्हा पोळा आठवला. नातवासाठी लाकडी बैल घेऊन ठेवला होता. संध्याकाळी लेकीचा फोन आला, "बाबा, पैशाचं पाहा, नाही तं हे मले ठेवत नाही." अकराव्या दिवशी ती जळून गेली. फोनच्या नोंदी तुम्ही मागवून घेतल्यात. 'थोडाच आधी' म्हणजे 'लगेच आधी' नव्हे, छळ आणि मृत्यू यांत जिवंत दुवा हवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा सतबीर सिंग निकालही कोर्टापुढे ठेवलात. उलटतपासणीत मी दोनदा रडलो. दोन्ही वेळा तुम्ही मला पाणी द्यायला लावलंत.

माझ्या बायकोला पोरीच्या नणंदेचंही नाव घालायचं होतं. "पोरीनं कधी नणंदेची तक्रार केली होती?" तुम्ही विचारलंत. केली नव्हती. तेव्हा राग आला, आज तुमचंच बरोबर वाटतं.

मला फाशी हवी होती. हुंडाबळीच्या कलमात, म्हणजे दंड संहितेच्या ३०४-ब मध्ये, फाशी नाही. कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि जन्मठेपही विरळच, असं १९९४ च्या हेमचंद निकालाचा दाखला देऊन तुम्ही आधीच सांगितलंत. खुनाच्या कलमापुरता पुरावा नव्हता, हेही लपवलं नाहीत. म्हणूनच जावयाला दहा वर्षं आणि सासूला छळाच्या कलम ४९८-अ खाली दोन वर्षं ऐकल्यावर मी उभा राहू शकलो. शेजारी विचारतात, आता नव्या न्याय संहितेत हुंडाबळीला कलम ८० आहे ना? आमची घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुनं कलम, शिक्षा तीच, एवढं मी आता त्यांना सांगू शकतो.

त्यांचं अपील नागपूर खंडपीठात गेलं आहे. नातू पहिलीत आहे. आईचे दागिने आणि हुंड्याची रक्कम हुंड्याच्या कायद्यातल्या कलम ६ प्रमाणे त्याची, असं तुम्ही म्हणाला होतात. तो अर्ज परवा दिला.

आपला,
एक बाप