पोहण्याच्या तलावाविषयी सुनीतास पत्र

बावधन, पुणे
१२ जून

प्रिय सुनीता,

सप्रेम नमस्कार.

तळेगावच्या घराविषयीचे तुझे सविस्तर पत्र मिळाले. घर तुम्हा दोघांना मनापासून आवडले आहे, किंमतही आवाक्यातली आहे, आणि तरी मागच्या अंगणातल्या हिरव्या, तळ न दिसणाऱ्या पोहण्याच्या तलावामुळे विसार द्यायला तुझा हात धजत नाही. मुरूम टाकून तलाव बुजवावा आणि वर हिरवळ करावी, हा दलालाचा सल्ला तुला पटू लागलेला दिसतो. माझे मत विचारले आहेस म्हणून आधीच सांगते, की पाण्याच्या रंगावरून यातले काहीही ठरवू नकोस. पंप बंद राहिला आणि क्लोरीन संपला की चांगल्यात चांगल्या तलावाचे पाणीही उन्हाळ्यात आठवड्याभरात हिरवे होते, आणि तेच पाणी मोजून-मापून पुन्हा निवळही करता येते. बावधनच्या या घराबरोबर आमच्याकडे तलाव आला तेव्हापासून मी जे शिकले, ते जवळजवळ सगळे मोजण्याचेच शिक्षण आहे. ते मला आमच्या शेजारच्या काकांनी दिले. त्यांची सारी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रावर गेली, आणि पाण्याचा प्रश्न विचारला की उत्तराआधी ते आकडा मागतात.

त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हाती टेप दिली. आमचा तलाव ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. उथळ टोकाला पाणी ०.९ मीटर आणि खोल टोकाला १.५ मीटर, म्हणजे सरासरी खोली १.२ मीटर. गुणाकार केला की ३८.४ घनमीटर, अर्थात ३८,४०० लिटर पाणी होते. हा आकडा हाती आल्याशिवाय औषधाचा डबा उघडण्यात अर्थ नाही, कारण पुढचा सगळा हिशेब दर लिटरला किती मिलिग्रॅम या मापाने चालतो आणि त्यालाच पीपीएम म्हणतात. आमच्या पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचा असेल तर ३८.४ ग्रॅम क्लोरीन हवा; बाजारात मिळणाऱ्या कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडरीत तो ६५ टक्के असतो, म्हणून पावडर सुमारे ५९ ग्रॅम लागते. इतके सोपे गणित असूनही अनेक ठिकाणी पावडर वाटीने किंवा मुठीने टाकली जाते, आणि मग डोळे चुरचुरले की दोष क्लोरीनला दिला जातो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते, आणि ती सावकाश वाच. तुझ्या आजोळी ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकायचा आणि नळाच्या पाण्यात ओटी या चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहायचा, हे तुला आठवत असेल. ती चाचणी क्लोरीन आहे की नाही एवढे सांगते; तो काम करण्याच्या स्थितीत आहे का, हे सांगत नाही. ते ठरते पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो: एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतू आणि शेवाळ झपाट्याने मारते, आणि दुसरा हायपोक्लोराइट आयन, जो त्या मानाने फारच दुबळा असतो. सामू ७.५ च्या आसपास असला की दोन्ही साधारण निम्मे-निम्मे असतात, ७.२ ला पहिल्याचा वाटा दोनतृतीयांशाच्या आसपास जातो आणि ८ ला तो जेमतेम पाव उरतो. म्हणजे चाचणीत क्लोरीनचा आकडा उत्तम दिसत असतानाही पाणी हिरवे पडू शकते, आणि अशा वेळी आणखी पावडर ओतण्याऐवजी थोडे ॲसिड घालून सामू खाली आणणे हाच खरा उपाय असतो. पोहण्याच्या पाण्यासाठी सामू ७.२ ते ७.८ आणि मोकळा, म्हणजे काम करायला शिल्लक असलेला, क्लोरीन १ ते ३ पीपीएम ही सर्वसाधारण मर्यादा आहे. काका मला नेहमी आधी सामू आणि मगच क्लोरीन पाहायला लावतात, आणि हा क्रम मी आजतागायत मोडलेला नाही.

आपल्याकडे हा सामू वर चढण्याकडेच झुकलेला असतो. पुणे आणि आसपासचा सारा प्रदेश बेसॉल्ट खडकावर बसलेला आहे, आणि त्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते. ते तलावात खळाळत फिरू लागले की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि सामू आपोआप वाढतो. पुढे कॅल्शियमचा पांढरा थर पाण्याच्या रेषेवरच्या टाइलांवर बसतो. म्हणून बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची क्षारता, म्हणजे सामू पटकन बदलू न देण्याची पाण्याची ताकद, एकदा मोजून घेणे आवश्यक आहे. ती ८० ते १२० पीपीएम असली तर सामू स्थिर राहतो; कमी पडल्यास खाण्याचा सोडा घालून वाढवता येते. त्या घरात टाइलांवर पांढरी रेघ असेल तर घाबरू नकोस, पण बोअरचे पाणी जड आहे हे त्यावरून समजून घे.

दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्यातला, उन्हापासून संरक्षण नसलेला क्लोरीन दोन-तीन तासांत जवळजवळ संपतो, म्हणून औषध नेहमी सूर्य मावळल्यावर घालावे. उन्हापासून त्याचे रक्षण करायला सायन्यूरिक आम्ल वापरतात, आणि ते ३० ते ५० पीपीएम पुरेसे असते. इथे दुकानांत टीसीसीए ९० या नावाने मिळणाऱ्या वड्यांत आणि पावडरीत हे आम्ल क्लोरीनबरोबरच येते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. क्लोरीन खर्च होतो, पण हे आम्ल पाण्यात साठत जाते. एक किलो टीसीसीएतून सुमारे ५५० ग्रॅम आम्ल उरते, म्हणजे आमच्या तलावात एका किलोमागे १४ पीपीएमची भर पडते. ते १०० च्या वर गेले की क्लोरीन इतका बांधला जातो की तो असून नसल्यासारखा होतो, आणि नेहमीच्या वापरात ते कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे थोडे पाणी काढून नवे भरणे. वर्षानुवर्षे केवळ टीसीसीएवर चाललेले तलाव हिरवे पडण्यामागे हे कारण पुष्कळदा असते, आणि माझा संशय आहे की तुमच्या तलावाचेही तेच झाले असावे. आमच्याकडे आता उन्हाळ्याच्या आरंभी टीसीसीए थोडे वापरतो आणि एरवी कॅल्शियम हायपोक्लोराइट.

ही दोन औषधे एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत. एकाच मापाने, एकाच बादलीत किंवा एकाच फडताळात शेजारी शेजारीसुद्धा नकोत, कारण त्यांचा संयोग पेट घेऊ शकतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. पावडर विरघळवताना बादलीत आधी पाणी आणि मग पावडर. ॲसिड सौम्य करतानाही आधी पाणी आणि मग ॲसिड. तुझ्याकडे लहान मुले येणार-जाणार, तेव्हा पंपाच्या खोलीला कुलूप आणि तलावाला कुंपण ही दोन कामे सामान हलवण्याच्या आधी कर. तळ स्वच्छ दिसत नाही तोवर कोणालाही, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, पाण्यात उतरू देऊ नकोस, कारण बुडालेला माणूस त्यात दिसत नाही.

फिल्टरविषयी थोडक्यात लिहिते. तो वाळूचा असेल, तर वरच्या काट्यावरचा दाब स्वच्छ स्थितीतल्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे माप) वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची, आणि पंप बंद केल्याशिवाय व्हॉल्व्हची मूठ फिरवायची नाही. वाळूवर थोडी घाण बसलेली असताना ती अधिक बारीक गाळते, त्यामुळे रोज उठून बॅकवॉश केल्याने पाणी वाया जाते आणि गाळणेही बिघडते. सगळे पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे इतका पंप चालवायचा. एक अश्वशक्तीचा पंप आठ तासांत साधारण सहा युनिट वीज घेतो.

पाणी टंचाईच्या जिल्ह्यात तलाव बाळगणे योग्य आहे का, हा तुझा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण उन्हाळ्यात खडकवासल्याचा साठा घटल्याच्या बातम्या वाचताना तो मलाही सतावतो. माझे उत्तर असे, की नीट सांभाळलेला तलाव दर वर्षी रिकामा करावा लागत नाही. तो वारंवार रिकामा करावा लागणे हे न मोजण्याचे फळ असते. उरते बाष्पीभवन, आणि ते पाण्यावर आच्छादन घातल्याने बरेच कमी होते. बाकीची भर पावसाने घालता येते. १०० चौरस मीटरच्या छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे गळती-सांडणी वजा जाता पन्नास हजार लिटरहून अधिक पाणी हाती लागते, आणि तळेगावला पाऊस याहून जास्तच. आम्ही पहिल्या सरींचे पाणी सोडून देतो आणि पुढचे गाळून टाकीत घेतो.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक गोष्ट फार आग्रहाने सांगते. दलाल म्हणतो तसा तलाव आत्ता उपसून दाखवायला सांगू नकोस. जमिनीतले पाणी वर आलेले असताना रिकामा तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो आणि त्याच्या भिंती तडकतात. आतल्या पाण्याचे वजनच त्याला धरून ठेवते. उपसणे लागले तर ते उन्हाळ्यात. आणि आत्ता मात्र ते साचलेले पाणी तसेच राहू देऊ नये, कारण त्यात डास होतील. मालकांना पंप सुरू करायला सांग, भिंती खरवडून घ्यायला लाव, आणि सामू ७.२ वर आणून मग क्लोरीनचा मोठा डोस घालायला सांग. आमच्याएवढ्या तलावाला १० पीपीएमसाठी सुमारे ५९० ग्रॅम पावडर होते. सायन्यूरिक आम्ल जास्त निघाले तर तेवढ्याने भागणार नाही. पाणी हिरव्याचे धुरकट आणि धुरकटाचे निवळ होताना पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो.

गळतीची शंका असेल तर तिची परीक्षा पाऊस नसलेल्या दिवशी घे. एक बादली पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर अशी ठेव, की आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीत राहील, दोन्हींवर खुणा कर, आणि पंप बंद ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघ. दोन्हीकडे सारखेच उतरले तर ते बाष्पीभवन. तलावात अधिक उतरले तर गळती आहे, आणि मग ती कुठे आहे हे कळेपर्यंत विसार देऊ नकोस. तलाव बुजवण्याचे कारण द्यायचेच असेल तर ते हेच असू शकते. शिवाय पंपाच्या खोलीत जाऊन तारांची स्थिती बघ, विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवलेला आहे का ते विचार, आणि तळाच्या निचऱ्याची जाळी शाबूत आहे का हेही विचारायला विसरू नकोस.

तुम्ही रविवारी पुन्हा घर बघायला जाणार आहात, तेव्हा लांबी, रुंदी आणि दोन्ही टोकांची खोली मोजून आण. सोबत एक स्वच्छ बाटली ने, ती त्याच पाण्याने दोनदा विसळ, कोपरभर खोलीवरून काठोकाठ भर आणि उन्हापासून जपून माझ्याकडे पाठव. वाटेत त्यातला क्लोरीन टिकणार नाही, पण क्षारता, कठीणपणा आणि सायन्यूरिक आम्ल मला इथे मोजता येईल, आणि बोअरच्या पाण्याची वेगळी बाटली दिलीस तर तेही काकांना दाखवीन. आकडे आले की किती पाणी बदलावे लागेल आणि पहिल्या वर्षाचा खर्च किती येईल, याचा हिशेब मी तुला मंगळवारपर्यंत लिहून कळवते.

भावजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
माधवी