नागमोडी रेघेचं तेवढं सांग

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर खोडता येतो. याआधीची दोन पानं सकाळी बंबात घातली. त्यात काय होतं ते विचारू नकोस, पाणी मात्र चांगलं तापलं.

भाऊबीजेला दादाला न ओवाळता गेलीस. तो काही बोलला नाही, पण पाट मांडून बसला होता गं. पप्पांना मी सांगितलं की ऑफिसातून बोलावणं आलं. त्यांनी विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखं केलं, कोण जाणे. तेहतीस वर्षांत मला त्या माणसाचं हे एक कळलेलं नाही.

तर पाडव्याच्या संध्याकाळचं. मी बासुंदी आटवत होते आणि तू ओट्याला टेकून, मोबाईल चार्जिंगला लावावा तितक्या सहज म्हणालीस, "आई, मी गोळ्या सुरू करायचं म्हणतेय. तू नर्स आहेस म्हणून आधी तुला विचारते." मी काय म्हटलं ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. "आधी लग्न कर, मग गोळ्या." बासुंदी खाली लागली. तू गॅस बंद केलास आणि आत गेलीस.

ते वाक्य माझं नव्हतं म्हणाले तर खोटं होईल, माझंच होतं. पण मनात पहिलं आलं ते दुसरंच. मनात आली तुझी बारावीची प्रिलिम. केमिस्ट्रीच्या पेपरात तुला मधलीच अक्षरं दिसेनात, डोळ्याच्या कडेला चमचमणारी नागमोडी रेघ आली, वीसेक मिनिटांनी रेघ गेली आणि अर्धं डोकं फुटायला लागलं. दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवरून तू असाच फोन केला होतास. मनू, ही साधी डोकेदुखी नाही. रेघ दिसून येणारी अर्धशिशी ज्या बाईला आहे तिला माला-एनसारखी दोन हार्मोनांची गर्भनिरोधक गोळी द्यायची नाही, हे आमच्या तपासायच्या यादीतच असतं. त्यातलं इस्ट्रोजेन रक्ताची गुठळी व्हायला मदत करतं, आणि अशा अर्धशिशीत मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. तुझ्या वयाला तो तसा कमीच, पण दोन्ही एकत्र नकोत. आजीच्या डाव्या हाताचं मी तुला नव्यानं सांगायला नको.

हे मी त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. सांगितलं दुसरंच.

गावात मी नर्सबाई. 1992 ला उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा कुटुंबनियोजनाचं टार्गेट होतं. मार्चअखेर ऑपरेशनच्या केसेस कमी पडल्या की मासिक बैठकीत उभं करून विचारायचे. 1996 ला टार्गेट कागदावरून गेलं, बैठकीतून जायला आणखी काही वर्षं लागली. तेव्हापासून किती जणींच्या हातात गोळ्यांची पाकिटं ठेवली, मोजलं नाही. तांदळाच्या डब्यात लपवणाऱ्या होत्या. एक मिसरीच्या डबीत ठेवायची. सासू मिसरी लावत नाही म्हणून निर्धास्त होती, आणि नेमकी सासूलाच दात दुखायला लागल्यावर डबी उघडायची बुद्धी झाली. तिच्या सासूसमोर मी शपथेवर सांगितलं की त्या रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. अगदीच खोटं नव्हतं. 28 च्या पाकिटात 7 लोहाच्याच असतात.

आणि त्या वरच्या वाडीतल्या बायका! तुला लहानपणी सांगायचे तेव्हा तू हसायचीस. नवरे सगळे मुंबईला, म्हणजे वाशीच्या मार्केटात माथाडी. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, गावच्या यात्रेला यायचे. बायकांनी आपलं डोकं चालवलं. नवरा आला की गोळी सुरू, एसटीत बसवून दिला की बंद. उरलेली पानं पुढच्या सणाला. गणपतीनंतर नवव्या महिन्यात माझी बाळंतपणांची रांग लागायची. चूक त्यांची नव्हती, मीच पाकीट देताना 'रोज एक' एवढंच म्हणाले होते. रोज म्हणजे नवरा नसतानाही, हे सांगायला जीभ रेटली नव्हती. चोवीस वर्षांची होते.

तुलाही सांगते. ठरावीक वेळ धर, रात्री दात घासताना वगैरे. एक राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढे सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत निरोधही वापरायचा. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी धरायची नाही. आणि गोळीनं दिवस राहायचे थांबतात, रोग थांबत नाहीत. त्यासाठी निरोध, आणि तो आणायची जबाबदारी त्या मुलाची

बघ. गोळी नको म्हणून सुरुवात केली आणि ती घ्यायची कशी हेच शिकवत बसले. तोंडाला सवय झालीय. पाटण तालुक्यातल्या अर्ध्या बायकांना जे समजुतीनं सांगते ते पोटच्या पोरीला मास्तरीणबाईसारखं सांगतेय. रागावू नकोस.

तो मुलगा कुठला? नाही, विचारायचं नाही असं ठरवलं होतं. खोडत नाही, राहू दे.

आमच्याकडे एक रजिस्टर असतं, पात्र जोडप्यांचं. पात्र जोडपं म्हणजे नवरा-बायको, बायको 15 ते 49 वयाची. त्यात पतीच्या नावाचा रकाना. इतकी वर्षं ते भरतेय आणि मला कधी खटकलं नाही की यात लग्न न झालेल्या मुलीला रकानाच नाही. कायद्यानं तिला कुणी अडवलेलं नाही. आम्हीच अडवतो. तू म्हणशील, आई आता भाषण. भाषण नाही. एका मुलीचं सांगायचंय, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, इंदूमावशीलाही नाही.

तू तेव्हा चौथीत असशील. दुपारी ओपीडी संपली होती, मी लसींचा डबा पुसत होते. कॉलेजची मुलगी, ओढणी तोंडावर. "बाई, त्या गोळ्या मिळतील का?" मी विचारलं, लग्न झालंय? ती गप्प. मी म्हटलं, "लग्न झाल्यावर ये." वर हसलेही थोडी. पुढच्या वैशाखात तिचं घाईनं लग्न लागलं. सातव्या महिन्यात बाळंत झाली, माझ्याच हातून. रजिस्टरात मी 'अपुऱ्या दिवसांचं' असं लिहिलं. वजन तीन किलो. तिची सासू वजनकाट्याकडे बघत होती आणि मी काट्यापुढे उभी राहिले, म्हणजे आकडा दिसू नये. ती मुलगी मला अजून बाजारात भेटते. बरं चाललंय तिचं, मुलगा आता चांगला उंच झालाय. मला बघून ती नमस्कारही करते. पण बोलत नाही.

पाडव्याला तेच वाक्य माझ्या तोंडून दुसऱ्यांदा गेलं. तू आत गेल्यावर मी पातेलं घासत बसले होते, ते करपलेल्या बासुंदीसाठी नाही.

आता अजून एक. गणपतीला आलीस तेव्हा तुझी बॅग धुवायला घेतली होती. बाहेरच्या कप्प्यात 72 तासांच्या गोळीचं रिकामं पाकीट होतं. मी ते पुन्हा तिथंच ठेवलं आणि बॅग न धुताच वाळत घातली. तुला वाटलं असेल आईला पाडव्याला धक्का बसला. मला भाद्रपदापासून ठाऊक होतं. दोन महिने वाट बघत होते की ही कधी बोलते, आणि बोललीस तेव्हा माझं हे असं. तुझ्या वस्तूंना हात लावला ते चुकलं. पण त्या गोळीवर विसंबू नकोस. ती अडीअडचणीची आहे, जितकी लवकर घेशील तितकी बरी, आणि वरचेवर घेतली की पाळीचं सगळं वेळापत्रक बिघडतं. हे तुला कळलेलं दिसतंय, म्हणून तर रोजच्या गोळीचं काढलंस. मला खरं तर त्याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटतोही. फक्त तो रात्री दोन वाजता वाटतो आणि सकाळी चहा टाकताना पुन्हा भीती.

भीती कसली, तर डोक्याची. दुसरीही आहे, ती तुझी तू ओळख.

सातवीत तू महर्षी कर्व्यांवर भाषण केलं होतंस. पप्पांनी लिहून दिलेलं, हिंगण्याची झोपडी, विधवाविवाह, भारतरत्न. पहिला नंबर, स्टीलचा डबा मिळाला, त्यात मी अजून जिरं ठेवते. त्या कर्व्यांच्या मुलाचं नाव मात्र भाषणात नव्हतं आणि आपल्या घरातही कुणी काढलं नाही. रघुनाथराव. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आपल्या सरकारचा कार्यक्रम त्यानंतर तीस वर्षांनी आला. गणिताची प्राध्यापकी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी कोर्टात उभं राहावं लागलं, तरी 1927 पासून मरेपर्यंत काढत राहिले. मला हे ट्रेनिंगला एका बाईंनी सांगितलं होतं, वर्गाचं दार लावून. तू रोज कर्वे रोडनं जातेस. बापाचं भाषण आपण पोरींकडून पाठ करून घेतो आणि मुलाचं काम पाकिटात घालून गुपचूप वाटतो. मी तरी तेच करत आले.

आणि पुरुषांचं तर सोडच. माझ्या आख्ख्या नोकरीत पुरुषांच्या नसबंदीच्या केसेस चार. त्यातले दोघं एकाच घरचे भाऊ. तुझ्यानंतर माझंच ऑपरेशन झालं. पप्पांचं सोपं होतं, ना पोट उघडायचं ना पूर्ण भूल द्यायची, पण तुझी आजी म्हणाली माझ्या लेकाला कमजोरी येईल. शाळेत खडू तर उचलायचा असतो! असो. ते चांगले आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच. घेऊ नकोस असं नाही. दुकानातून मैत्रिणीचं पाकीट बघून तसलंच आणू नकोस. बाईच डॉक्टर बघ असंही नाही, नीट ऐकून घेणारा कुणीही बघ. आधी बीपी मोजायला सांग. आजीचं सांग. ती रेघ दिसते हे सांग, 'कधीकधी डोकं दुखतं' असं मोघम नको. मग ते इस्ट्रोजेन नसलेलं काहीतरी सुचवतील. एकाच हार्मोनची गोळी असते. छाया नावाची गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली आहे. पाळी लांबते तिच्यानं, तेव्हा घाबरायचं नाही. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे. तांबी आहे, दहा वर्षांची, मूल न झालेल्या मुलींनाही बसवतात, बायका काहीही सांगोत. तुझं तू ठरव. तेवीस वर्षांची आहेस, तुझ्या वयाला माझ्या नावावर एक उपकेंद्र आणि पाच वाड्या होत्या.

नोकरीचं लिहायचं राहिलंच. बढती मिळाली ते तू मला नाही, दादाला सांगितलंस. मी दोन घरी पेढे दिले. कशाचे ते विचारलं त्यांनी, मी म्हटलं पोरीचे.

भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी दादाबरोबर पाठवतेय. भाऊबीज राहिली आहे, त्याला तिथंच ओवाळ, निरांजन नसलं तर मेणबत्ती चालेल. हे पत्र चटणीच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. पप्पांनी डबा भरताना बघितलं, काय आहे विचारलं. मी म्हटलं रेसिपी.

दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या स्वारगेट गाडीनं येते. तू डॉक्टरांची वेळ घे. मी आत येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसेन, विणकाम घेऊन येते. तू आतून बाहेर आलीस की मी काही विचारणार नाही. फक्त रेघेचं सांगितलंस का, एवढंच विचारेन. नाही सांगितलंस तर मग मात्र मी उठून आत जाईन.

तुझी,
आई