सूप जुनंच पाठव

मुंबई, रविवार रात्र

ती. अम्मा आणि नायना यांना सा. न.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पाठवलेलं बोचकं मिळालं. शेंगाचटणी खोलीतल्या पोरींनी दोन दिवसांत संपवली. पण अम्मा, सूप नवंकोरं का पाठवलंस? लोकांसमोर जुनं कसं मांडायचं, म्हणूनच ना? मला तेच हवंय, तू मांडीवर घेऊन विड्या वळायचीस ते, काठ झिजलेलं, चादरीच्या चिंधीची पट्टी शिवलेलं. शाळेतली मैत्रीण घरी आली की मी ते कॉटखाली सरकवायचे. तुला कळत होतं, तू कधी बोलली नाहीस.

हजार विड्या म्हणजे पंचवीसचे चाळीस कट्टे. मी पांढऱ्या कागदाचे तेवढे वळले, आठवडा लागला. तू दिवसात वळायचीस! माझे सगळे सैल. कारखान्यातल्या चेकरने सरळ छाटात काढले असते. हसू नकोस.

नायना, सूप ही काय चित्रात घालायची वस्तू आहे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. 1915 साली आपल्याच पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी कंदील आणि छत्री रंगवली. मग सुपानं काय घोडं मारलंय?

तुम्ही भंगारात काढलेले जेकार्ड मागाचे, नक्षीची भोकं पाडलेले पुठ्ठे खिडकीत टांगलेत. सकाळी भोकांचे कवडसे भिंतीवर पडतात, पण चादरीवरचा मोर काही दिसत नाही. भोक तिथे हूक उचलतो, एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा, एवढं तुम्ही शिकवलेलं आठवतं. माळेचा दोरा तुटला होता, त्यात क्रम गेला. आधी मान येते की पिसारा? चादरीच्या कोपऱ्यात कारखान्याचं नाव यायचं, त्याचेही पुठ्ठे गठ्ठ्यात आहेत. ते मी टांगणार नाही.

इथे एकाने विचारलं, तू नक्की मराठी की तेलुगू? म्हटलं, घरात तेलुगू बोलतो आणि पत्र मराठीत लिहितो, कारण तेलुगू लिहायला आमच्यात कुणालाच येत नाही. तो बघतच राहिला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात याचं कुणाला नवल वाटलं असतं?

कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई घरकुलात 10 हजार घरांतलं एक 2006 मध्ये तुझ्या नावावर लागलं, त्या दिवशीची किल्ली मागणार होते. नको, ती राहू दे तुझ्याकडे. विडीचं पान कापायचा पत्रा मात्र पाठव.

आणि सूप धुऊ नकोस. तंबाखूचा वास जाईल.

तुमची,
धाकटी