डेव्हिड डेव्हिस यांची अपुरी ओळख

महोदय,

अब्राहम लिंकन यांच्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीच्या १८६०च्या उमेदवारीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘शिकागोच्या अधिवेशनात लिंकनसाठी मते जुळवणारा मित्र’ एवढ्यावर डेव्हिड डेव्हिस यांची बोळवण केलेली पाहून वाईट वाटले. मी आयुष्यभर फौजदारी वकिली केली आणि आता मुलीकडे इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला राहतो. डेव्हिस याच गावचे. त्यांचा पिवळ्या विटांचा वाडा अजून उभा आहे आणि तो लोकांना पाहता येतो.

मैत्री होती, हे खरेच. १८४८पासून डेव्हिस इथल्या आठव्या सर्किटचे, म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या फिरत्या न्यायालयाचे, न्यायाधीश होते. वसंतात आणि शरदात न्यायाधीश व वकील एका जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्या गावी जात, एकाच खाणावळीत उतरत. लिंकन त्या वकिलांपैकी एक. डेव्हिस नसले की कधीकधी लिंकनच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत. पुढे १८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनीच त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. लेख इथवर येऊन थांबतो आणि माझ्या मते डेव्हिस यांचे खरे मोठेपण इथून पुढेच सुरू होते.

यादवी युद्धात इंडियानातल्या लॅम्डिन मिलिगन नावाच्या वकिलाला लष्कराने पकडले. देशद्रोही कटाचा आरोप ठेवून लष्करी न्यायाधिकरणाने त्याला फाशी सुनावली. मिलिगन लष्करात नव्हता. इंडियानात दिवाणी-फौजदारी न्यायालये रोज भरत होती. संघराज्याची ग्रँड ज्युरी (खटला भरायचा की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) बसली आणि त्याच्यावर आरोप न ठेवता उठलीही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा लिंकन यांची हत्या होऊन वर्षही उलटले नव्हते, लोकांची मने पेटलेली होती. अशा वेळी १८६६ साली लिंकन यांच्याच या मित्राने निकालपत्र लिहिले: नागरी न्यायालये चालू असताना नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही. राज्यघटना राज्यकर्त्यांना आणि जनतेला सारखीच बांधते, युद्धात आणि शांततेतही, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. मिलिगनला सोडण्यावर नऊही न्यायाधीशांचे एकमत होते. मात्र काँग्रेसलाही (म्हणजे अमेरिकेच्या संसदेलाही) लष्कराला असा अधिकार देता येणार नाही, हे डेव्हिस यांचे पुढचे पाऊल सरन्यायाधीश चेस यांच्यासह चौघांना मान्य नव्हते. लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या जहालांनी या निकालावर कडाडून टीका केली. त्यांची एक चिंता खोटी नव्हती: दक्षिणेत नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना तेव्हा लष्कराचाच आधार होता. तरीही हे निकालपत्र वाचताना वकील म्हणून माझी मान झुकते. ज्याला आपल्या नेत्याचे विरोधक म्हणून सहज टाकून देता आले असते, त्या माणसाला डेव्हिस यांनी कायद्याचे पूर्ण संरक्षण दिले.

१८७७ साली मात्र ते मला पटत नाहीत. १८७६च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन हेझ आणि डेमोक्रॅट टिल्डन यांच्यापैकी कोण जिंकले, हा वाद सोडवायला १५ जणांचा आयोग नेमला गेला. त्यातला निर्णायक, कोणत्याही पक्षाचा नसलेला सदस्य म्हणून सगळ्यांची नजर डेव्हिस यांच्यावर होती. नेमके तेव्हाच इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना डेमोक्रॅटांच्या मतांनी सिनेटवर निवडून दिले आणि त्यांनी आयोगावर बसायला नकार दिला. त्यांच्या जागी ब्रॅडली आले. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची वादातली वीसही मते ८ विरुद्ध ७ अशी हेझ यांच्या पदरात पडली. डेव्हिस बसले असते तर सिनेटच्या जागेची परतफेड केली, असे कोणीतरी म्हटलेच असते. ती अडचण मी जाणतो. पण न्यायालयाचा राजीनामा त्यांनी मार्चमध्ये दिला, तोवर ते न्यायाधीशच होते. दोन्ही बाजूंना विश्वास वाटावा असा तो एकच माणूस होता. त्यांनी बसायलाच हवे होते.

सिनेटमध्येही ते अपक्षच राहिले. मिलिगनची बाजू मांडणाऱ्या वकिलांत असलेले गारफिल्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८८१ साली गोळीबारानंतर त्यांचा मृत्यू झाला. उपराष्ट्राध्यक्ष आर्थर त्यांच्या जागी आले. उपराष्ट्राध्यक्षपद असे रिकामे झाल्यावर सिनेटचे हंगामी अध्यक्ष म्हणून डेव्हिस निवडले गेले. म्हणजे आर्थर यांच्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या रांगेत तेच पहिले होते. लिंकन यांच्या मिळकतीची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. ती १ लाख १० हजार डॉलरांवर गेली आणि त्यांनी मेहनताना घेतला नाही.

माझी विनंती एवढीच, की मिलिगन निकालावर आपण एक स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात चेस यांचे वेगळे मतही सविस्तर छापावे.

– एक निवृत्त वकील, सध्या मुक्काम ब्लूमिंग्टन, इलिनॉय