घोरण्याचं ऑपरेशन आणि तू

प्रिय मन्या,

वहिनी फोनवर म्हणाली की तू लेझर करून घ्यायच्या मागे लागलायस, म्हणून हे लिहितोय, आधी वाच मग काय ते कर.

माझं तुला माहितीच आहे. गेल्या चवथीला डिचोलीच्या घरी सगळे हॉलमध्ये लायनीत झोपलेलो, मध्यरात्री आत्ये उठून बसली, "रेडो कसो घोरता रे हो!" पुतण्याने रेकॉर्ड करून सकाळी आरतीनंतर सगळ्यांना ऐकवलं, मेल्याने!

मग पणजीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने आधी स्लीप स्टडी करायला लावली, बोटाला क्लिप, नाकात नळी, छातीला पट्टा, घरीच झोपायचं. तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो ते मोजतात, 5 च्या खाली असेल तर नुसतं घोरणं, 30 च्या वर म्हणजे सिरीयस. माझे 3 आले म्हणून रेडिओफ्रीक्वेन्सी केली. घशात कडू स्प्रे, मग इंजेक्शन, आणि पडजिभेच्या वर टाळूच्या मऊ भागात सुईसारखी दांडी तीन ठिकाणी टोचून आतून गरम करतात. तिथे व्रण धरतो, टाळू जरा ताठ होते आणि मग ती पडद्यासारखी फडफडत नाही, एवढंच. अर्ध्या तासात खुर्चीतून उठलो. पण पुढचे चार दिवस पडजीभ सुजून जिभेला लागायची, थंड पेज सोडून काही गिळवेना, घरात इसवणाचं हुमण आणि मी बघत बसलेला! घोरणं तर उलट वाढलं, बायको म्हणाली पैसे पाण्यात. फरक पडायला दीड महिना लागला, तोही दुसऱ्या सिटिंगनंतर. वर्षा-दोन वर्षांनी परत सुरू होऊ शकतं हे डॉक्टरने आधीच सांगितलेलं.

पण तुझं वेगळं आहे रे. शिरगावच्या जत्रेला आलेलास तेव्हा मी जागाच होतो, तू घोरता घोरता एकदम गप्प व्हायचास, मी आकडे मोजले, वीसपर्यंत गेलो, मग तू घुसमटून दचकलास. त्यात तुझं बीपी, आणि मीटिंगमध्ये डुलक्या. हे अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार, असेल तर लेझरनेही टाळू ताठ करून आवाज बसेल पण श्वास थांबायचा तो थांबेलच, आणि वहिनीला वाटेल बरा झाला. त्याला बहुतेक मास्कवालं सीपॅप मशीनच लागतं, रात्रभर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं.

म्हणून आधी स्टडी. वहिनीला एक रात्र व्हिडिओ काढायला सांग, डॉक्टरला दाखव, मला पाठवू नको, मी ऐकलंय.

तुझा,
बाळा